अजून नाही

"त्या खालच्या माणसाला काही झालं का हो?" प्लॅस्टिकच्या पडद्याआडून दुकानदाराने विचारलं, आणि पिशवीत बटाटे भरता भरता ती म्हणाली, "अजून नाही."

मागच्या बाईने घसा खाकरला, म्हणजे आटपा असं. रांग दुकानापासून कोपऱ्यावरच्या बंद सलूनपर्यंत गेली होती. प्रत्येकजण आपापल्या पांढऱ्या चौकटीत उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. तिने पिशवी उचलली आणि ती चालायला लागली, पण तो शब्द काही तिच्याबरोबर चालायला तयार नव्हता. अजून. नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. देवाच्या दयेने नाही, असंही लोक म्हणतात. परीक्षेचा निकाल लागायचा असला, पाहुणे यायचे असले, दूध तापायचं असलं की माणूस 'अजून नाही' म्हणतो. ज्याची वाट बघत असतो त्याबद्दल म्हणतो. मास्कच्या आत तिचे ओठ कोरडे पडले. चष्म्यावर वाफ धरली आणि रस्ता दुधाळ झाला. पलीकडून सायकल आली तेव्हा घंटी आधी ऐकू आली, सायकल नंतर दिसली. दुसऱ्यांच्या चष्म्यांवर वाफ धरू नये म्हणून ती कामावर रोज लोकांना युक्त्या सांगायची. नाकावर मास्क घट्ट दाबा, काच साबणाच्या पाण्याने धुवा. स्वतःच्या काचा मात्र पदराने पुसत सुटायची.

ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. साथ आल्यापासून दुकान सकाळपुरतंच उघडायचं. येणाऱ्यांचे चेहरे अर्धेच दिसायचे, त्यामुळे डोळेच काय ते माणूस असायचे. घाबरलेले, वैतागलेले, न झोपलेले. ती त्यांच्या नाकावर जड लोखंडी चौकट चढवायची, त्यात एकामागून एक भिंगं घालायची आणि हात लांब ठेवून, श्वास रोखून विचारायची, "हे बरं की हे?" लोक गोंधळायचे. "परत दाखवा," म्हणायचे. पहिलं बरं होतं असं वाटायचं, मग दुसरं. गेले काही दिवस तिचंही तसंच चाललं होतं. एक भिंग घातलं की घरी दम्याची पोर असलेली, नियम पाळणारी, विचारी बाई दिसायची. दुसरं घातलं की जिन्यावरून खाली पळणारी एक बाई दिसायची, पाठमोरी.

ताई तिची सख्खी मोठी बहीण. पण ताई म्हणून ती सगळ्या गल्लीची होती, कारण तिने तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं पाळणाघर चालवलं होतं. आता टाय लावून फिरणारे बाप्ये तिच्या मांडीवर ओले झालेले होते. ताईने लग्न केलं नाही. "एवढी पोरं झाल्यावर आता नवरा कशाला?" असं ती हसत म्हणायची. आई गेली तेव्हा धाकटीला सांभाळायला ताईच होती. धाकटीला गालगुंड झालं तेव्हा शेजारच्यांनी बजावलं होतं, पोरीला वेगळं झोपव. ताईने मान डोलावली आणि दिवा मालवल्यावर तिच्या पांघरुणात शिरली. पुढच्या आठवड्यात ताईचा गाल टोपलीएवढा झाला. नेमकं तेव्हाच तिला पाळणाघराआधीच्या नोकरीच्या कार्डासाठी फोटो काढायला जावं लागलं. ती नोकरी सुटेपर्यंत ताई तो सुजका चेहरा गळ्यात लटकवून हिंडली. कुणी हसलं की म्हणायची, "हा गाल माझा नाही, धाकटीचा आहे. मी फक्त सांभाळते."

साथ आली आणि पाळणाघर बंद झालं. ताईचं वय, तिची साखर, सगळं बघता तिने खाली उतरू नये असं ठरलं. ठरवलं धाकटीनेच. एक दिवसाआड ती ताईचं सामान घेऊन तीन जिने चढायची, दाराबाहेरच्या पोरांच्या लाल स्टुलावर पिशवी ठेवायची, घंटी वाजवायची आणि पटकन अर्धा जिना खाली उतरून वळणावर उभी राहायची. मग दार उघडायचं. ताई वर, ती खाली, अशा गप्पा चालायच्या. ताई पिशवीत डोकावून म्हणायची, "अगं चिंगे, ही भेंडी आणलीस की दोरखंड?" ती वरून हसायची, ही खालून हसायची आणि मधल्या पायऱ्यांवर कुणी नसायचं. खरं सांगायचं तर तिला त्या फेऱ्या आवडायच्या. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. दुकानदारही तिला रांगेत न बोलता जरा पुढे घ्यायचा. आपण चांगल्या आहोत असं रोज कुणीतरी सांगत असलं की माणूस त्याच्या सवयीचा होतो.

त्या दुपारी घंटी वाजवून ती वळणावर गेली, पण दार उघडलं नाही. आतून ताईचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा. "चिंगे, आत ये ना जरा. मला बरं वाटत नाहीये."

"ताप आहे का?"

"अंग मोडून आलंय. उठवत नाही. जरा पाणी तापवून दे, बाकी काही नको."

मग काहीतरी घसटत आलं. भिंतीला धरून माणूस चालतं तसं. आतली कडी निघाल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा ते घसटणं, लांब जाणारं. दार मिटलेलंच होतं, पण आता ते उघडं होतं, नुसतं लोटायचं होतं. ती दोन पायऱ्या चढली. लेकीचा चेहरा तिच्या डोळ्यासमोर आला हे खरं. दम्याचा झटका आला की पोर मान वर करून हवा शोधते, तो चेहरा. पण तो नंतर आला. आधी आला तो एक साधा, थंड, पोटातून वर चढणारा नकार. त्या नकाराला चेहरा नव्हता, लेकीचाही नाही. लेकीला तिने मागाहून बोलावून पुढे उभं केलं.

"ताई, माझ्या हातात अजून एका घरचं सामान आहे," ती म्हणाली. "ते देऊन येतेच. तोवर डॉक्टरांना फोन करते. तू पडून राहा."

तिच्या हातात काही नव्हतं. दोन्ही हात रिकामे होते, आणि एका हाताने तिने कठडा धरला होता.

"बरं," ताई आतून म्हणाली. तेवढंच.

घरी आल्यावर तिने सगळं केलं, अगदी रीतीप्रमाणे. मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडे एक गोड बाई 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणत होती आणि मध्ये बासरी वाजत होती. बासरी संपायची, बाई बोलायची, पुन्हा बासरी. शेवटी एका माणसाने पत्ता घेतला आणि संध्याकाळपर्यंत गाडी येईल म्हणाला. नवरा तिच्यासमोर चहा ठेवून म्हणाला, "तू बरोबर केलंस. आत जाऊन तू काय करणार होतीस? दोघी पडला असतात." ती हो म्हणाली. पाणी तापवलं असतं, हे तिने सांगितलं नाही. तिने ताईला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. झोपली असेल. आणखी पुन्हा लावला तेव्हा एका पुरुषाचा घोगरा आवाज आला.

"मी खालचा बोलतोय. तुमच्या ताईंना दवाखान्यात आणलंय. वर काहीतरी पडल्याचा आवाज झाला म्हणून गेलो. दार उघडंच होतं."

खालचा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा भट्टीवाला. तो बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असायचा आणि दिवसा झोपायचा. ज्याच्या डोक्यावर पाळणाघर आहे त्याने दिवसा झोपणं म्हणजे काय, हे तोच जाणे. वर्षानुवर्षं तो जिन्यात उभा राहून ओरडायचा आणि ताई वरून ओरडायची, "लहान मुलं आहेत, त्यांना बटण नाही!" पोरं जेवेनाशी झाली की ताई खुशाल म्हणायची, "गप जेवा, नाहीतर खालचे काका येतील." पोरांचा बागुलबुवाच होता तो. त्या माणसाने ताईला खांद्यावर घेऊन तीन जिने उतरवलं, बेकरीच्या पावाच्या गाडीत ट्रे बाजूला सारून झोपवलं, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत बसला. मास्क होता का, असं तिने फोनवर विचारलं होतं. आधी ताई कशी आहे ते विचारलं होतं, पण लगेच मागोमाग हे. "घाईत राहिला," तो म्हणाला.

रात्री लेकीने विचारलं, "मावशीला कुणी उचललं?"

"खालच्या काकांनी."

"बागुलबुवाने? मग तू कुठे होतीस?"

"मी फोनवर होते," ती म्हणाली. ते खरं होतं.

भट्टीवाल्याला घरातच कोंडून राहायला सांगितलं गेलं. त्याचं कुणी नव्हतं, बेकरीवाले लांबूनच विचारायचे. त्याचं सामान कोण आणणार असा प्रश्न निघाला तेव्हा ती म्हणाली, मी आणते. सगळ्यांना बरं वाटलं. नवऱ्यालाही वाटलं, कारण त्यामुळे ती रडायची थांबली. आता फेऱ्या तिसऱ्याऐवजी दुसऱ्या मजल्यापर्यंत होत्या. पिशवी दाराशी, घंटी, आणि वळणावर. दार किलकिलं व्हायचं, एक जाड मनगट बाहेर येऊन पिशवी ओढून घ्यायचं. मनगटावर भट्टीच्या चटक्यांचे जुने तपकिरी पट्टे होते.

"ताप आहे का?" ती खालून विचारायची.

"नाही."

"खोकला? वास येतो ना सगळ्याचा?"

"येतो. तुमच्या कांद्यांचा तर फारच येतो. सडके आहेत."

तिने त्याला घरचा थर्मामीटर दिला, बोटाला लावायचं ते यंत्रही दिलं. आकडा विचारल्याशिवाय ती हलायची नाही. तो वैतागून आतून आकडा ओरडायचा. चांगला असायचा. उतरताना पायऱ्या उगीच उंच वाटायच्या. चप्पल घासायची. प्रत्येक वेळी तो निरोगी निघत होता, आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात काहीतरी हिशेब चुकल्यासारखं होऊन खाली बसत होतं. तिने त्याला काळजी असं नाव दिलं होतं. पदार्थ नासला तरी बरणीवरची चिठ्ठी तीच राहते, तसं.

आणि आज दुकानात तो शब्द तोंडातून निसटला होता. पिशवी घेऊन ती भट्टीवाल्याच्या दाराशी आली, घंटी वाजवली, वळणावर गेली. दार उघडायला वेळ लागला.

"ताप?" तिने विचारलं.

"ताप नाही. पण आज जरा घसा धरलाय. अंगही जड वाटतंय."

"असं होय," ती म्हणाली. "गरम पाणी पीत राहा. मी संध्याकाळी फोन करते. काही लागलं तर लाजू नका हं." आवाजात माया होती. तिला स्वतःलाच तो आवाज आवडला. आता आपण या माणसासाठी काय वाटेल ते करू, डबा करू, गाडी बोलावू, दवाखान्याच्या दाराशी उभं राहू, असं तिला भरून आलं. ती खाली उतरली ती भरभर. रस्त्यावर ऊन होतं. बंद शाळेच्या कुंपणावर कुणाच्या तरी वेलीला जांभळी फुलं आली होती, आणि ती तिला आज दिसली. घरी येऊन तिने साबणाने हात धुतले, लेकीचे केस विंचरून दोन घट्ट वेण्या घातल्या, कणीक मळता मळता काहीतरी गुणगुणायला लागली. नवरा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "आज स्वारी खुशीत! ताईचा रिपोर्ट चांगला आला का?"

"नाही," ती म्हणाली. "दवाखान्यातून फोन आला नाही."

"मग?"

तिचे हात कणकेत तसेच थांबले. मग काय? ती सकाळपासूनची उजळणी करायला लागली, किल्ली हरवल्यावर करतात तशी. दुकान, रांग, पिशवी, जिना. घसा धरलाय. तिथपासून. तिथपासून आपण खुशीत आहोत. तो माणूस आजारी पडला तर सिद्ध होणार होतं की त्या दिवशी ताईच्या दाराआत मरण होतं, आणि आपण मरणापासून लेकीला वाचवलं. आणि नाही पडला तर आत नुसती आपली बहीण होती, तापाने तहानलेली, आणि दार नुसतं लोटायचं होतं. म्हणजे इतके दिवस आपण कांदे, अंडी, साबण घेऊन जिने चढत होतो ते या एका माणसाच्या छातीत काही भरलंय का ते बघायला. तिने कणीक तशीच झाकली, मोरीत जाऊन दार लावलं आणि नळ सोडला. आरशात फक्त डोळे बघितले, दुकानात लोकांचे बघायची तसे. त्यांच्यात काही दिसेना. ते नेहमीचेच होते, जरा लाल.

संध्याकाळी तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अहो, काही नाही, पंख्याखाली उघडा झोपलो होतो. गुळण्या केल्या, मोकळा झाला घसा." ती "बरं झालं" म्हणाली आणि ते म्हणताना इतकी रडली की त्यालाच तिची समजूत घालावी लागली. "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता," तो म्हणाला.

त्यानंतरही ती जात राहिली. जाणं बंद केलं असतं तर ते आणखी वाईट दिसलं असतं, आणि आता तिला आपल्या प्रत्येक कारणाचा उलटा भाग दिसत होता. तिने आकडा विचारणं मात्र सोडलं. तो आपणहून सांगायचा. कोंडवास संपला त्या दिवशी तो दार सताड उघडून उंबऱ्यात उभा राहिला. धिप्पाड, दाढी वाढलेला, नाकावर नवा कोरा मास्क. तिच्या पिशव्या त्याने धुऊन, घडी करून ठेवल्या होत्या.

"एक बोलू का?" तो म्हणाला. "बायको गेल्यापासून मला ताप आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत खाली थांबायच्या. माझ्या सख्ख्या भावाने एवढं केलं नसतं."

तिला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण सांगणार काय, की मी थांबायचे ते तुम्ही हो म्हणावं म्हणून? त्या माणसाच्या चेहऱ्यावरून इतक्या दिवसांचा एकटेपणा उतरत होता, आणि आपलं मन हलकं करायला तो पुन्हा त्याच्यावर कसा चढवायचा? तिने पिशव्या घेतल्या. "त्यात काय मोठंसं," ती म्हणाली, आणि ते शब्द तिला आयुष्यभर पुरतील असं वाटलं.

ताई घरी आली ती अर्धी होऊन. दवाखान्याच्या गाडीतून उतरताना तिचं झंपर खांद्यावरून घसरत होतं. आता तिच्यापासून कुणाला धोका नव्हता, तसा शिक्क्याचा कागदच तिच्या हातात होता. आता तिला धरायला काहीच धाडस लागत नव्हतं. धाकटीने तिला कवेत घेतलं, एक एक पायरी चढवली. प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं, हे सोपं आहे, हे किती सोपं आहे. मागून भट्टीवाला बोचकं घेऊन येत होता. त्याच्या दाराशी ताई दम खायला थांबली आणि म्हणाली, "आता झोपा हो निवांत. पोरं काही एवढ्यात यायची नाहीत."

"झोप कसली येतेय," तो म्हणाला. "वर धुडगूस नसला की जाग येते."

खोलीत तिने ताईला पलंगावर निजवलं, पायांवर चादर घातली, खिडकी उघडली. भिंतीवर पोरांनी ओढलेल्या रेघा तशाच होत्या. भट्टीवाला बोचकं ठेवून दाराशी घुटमळत होता. ताई छताकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी मला काही धड आठवत नाही. मी जमिनीवर होते. कुणीतरी कपाळावर हात ठेवला आणि तोंडात पाणी घातलं. चिंगे, तू परत आली होतीस ना?"

तिने मागे वळून बघितलं नाही. तरी त्या माणसाने चुळबूळ केलेली तिला कळली.

"आल्या होत्या की," तो घाईघाईने म्हणाला. "मीच म्हटलं, तुम्ही जा, घरी लहान पोर आहे. म्हटलं मी बघतो."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा त्याचा आवाज उगीच मोठा झाला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. ताईच्या चेहऱ्यावर ती वाट बघत असल्यासारखं काही नव्हतं, नुसती थकलेली, सैल पडलेली कातडी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, आणि ओ येत नव्हती.

"नाही, ताई," ती म्हणाली. "मी आले नव्हते. दुसऱ्या घरचं सामानही नव्हतं माझ्याकडे. मी घाबरले आणि गेले."

भट्टीवाला हळूच मागे सरला. त्याची पावलं जिन्यावरून उतरत गेली, जपून, कुणी झोपलेलं असल्यासारखी. ताईने चादरीवरचा धाकटीचा हात उचलला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने तळव्यावरून फिरवून बघितला, आणि परत होता तिथे ठेवला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तो हात खरखरीत होता."

"मग विचारलंस कशाला?"

"म्हटलं, तुला हो म्हणायचं असलं तर म्हणू द्यावं."

ताईने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. ते रागाने केलं की थकून, हे पाठीवरून कळत नव्हतं. तिच्या मानेवरचे केस दवाखान्यात कुणीतरी वेडेवाकडे कापले होते. धाकटी उभीच राहिली. जा म्हटलं असतं तर ती गेली असती, बस म्हटलं असतं तर बसली असती. ताईने दोन्हीतलं काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिचा श्वास लांब झाला. मध्येच तो अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

मग ती स्वयंपाकघरात गेली, पातेलं घासून घेतलं, आणि गॅसवर पाणी तापत ठेवलं.